तालमीतला मारुती आणि मुलींची कुस्ती

प्रश्न : माझी १३ वर्षांची मुलगी कुस्ती शिकायची म्हणते. गावच्या तालमीत मारुती आहे, तो ब्रह्मचारी, म्हणून पोरींनी मातीत उतरायचं नाही, असं वस्ताद सांगतात. धर्मात असं आहे का?
– एक आई, तासगाव तालुका

उत्तर : ताई, ब्रह्मचर्य मारुतीचं, मुलींना बाहेर ठेवायचा नियम तालमींचा. ताकद वीर्यात साठते आणि बाईच्या सहवासानं गळते, या समजुतीवर तो उभा आहे. त्यात बाई म्हणजे पैलवानापुढचा धोका. तीच जोर-बैठका मारून ताकद कमावेल, हे त्या समजुतीत बसतच नाही.

समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी नऊ आपल्या सातारा-सांगलीत आहेत. त्याच समर्थांच्या संप्रदायात मिरजेचा मठ वेणाबाईंनी सांभाळला, चाफळ-सज्जनगडाचा कारभार अक्काबाईंनी पाहिला. हे वस्तादांना सांगा. मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी सांगलीतच झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली, हेही सांगा. भांडू नका, वस्तादांचा मान राखूनच वाट निघेल.

मागणी मात्र नेमकी करा. मुलींसाठी संध्याकाळचे दोन तास वेगळे, कपडे बदलायला आतून कडी असलेली खोली, सरावाच्या वेळी एक मोठी बाई हजर, आणि जोडीला साधारण तिच्याच वजनाची मुलगी. एकटीच असेल तर दुसऱ्या गावातली एखादी शोधा, कारण जोडीशिवाय डाव बसत नाहीत.

आठवड्यातून दोन दिवस तरी तिला मॅटवर न्या. इथंच गावाकडच्या मुली हरतात. मातीत पोटावर दबून राहिलं तर चीत होत नाही, म्हणून ती सवय लागते. मॅटवर खाली पाडून मागून ताबा घेतला की समोरचीला दोन गुण, पाय बांधून फिरवलं की आणखी दोन. तिच्या वयोगटात दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. दबून राहणारी पहिल्या फेरीतच मागं पडते.

प्रश्न : वय १७, तालमीत राहतो. स्वप्नदोष झाला की दुसऱ्या दिवशी दम लागतो. मारुतीपुढं घेतलेलं व्रत मोडलं का?
– कराड

उत्तर : नाही बाळा. व्रत आपण जाणून करतो त्याचं असतं, झोपेत आपोआप घडतं त्याचं नव्हे. एका वेळी साधारण दोन ते पाच मिलिलिटर वीर्य जातं. तेवढ्यानं ताकद जात नाही. दम लागतो तो बहुधा अपुऱ्या झोपेनं, वजन उतरवायला पाणी तोडल्यानं आणि या धास्तीनं. सरावाआधी आणि नंतर वजन कर. जितके किलो घटलं, त्याच्या सव्वा ते दीडपट लिटर पाणी चिमूटभर मीठ घालून थोडं थोडं पी. थंडाई चालू ठेव, ‘धातू’ची औषधं घेऊ नकोस. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखव आणि हिमोग्लोबिन तपासून घे.