चार मित्र, पाच रात्री आणि अंदमान: बेत कसा आखावा?

आपण विचारले आहे की फेब्रुवारीत चार मित्रांना पाच रात्रींसाठी अंदमानला जायचे आहे, चौघांपैकी एकाला पोहता येत नाही, तर एवढ्या दिवसांत जमिनीवरचे आणि समुद्रातले काय पाहून व्हावे. आम्हीही चौघेच होतो, फेब्रुवारीतच गेलो होतो आणि आमच्यातल्या एकाने गावच्या विहिरीतसुद्धा कधी उडी मारलेली नव्हती, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी बेटांची संख्या कमी करा. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील एवढी तीन ठिकाणे पाच रात्रींना पुरेशी आहेत. तिकिटांवर आणि पाट्यांवर आता नवी नावेही दिसतील: 2018 साली हॅवलॉकचे स्वराज द्वीप व नीलचे शहीद द्वीप झाले आणि 2024 साली पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले. बोलण्यात मात्र जुनीच नावे जास्त ऐकू येतात, म्हणून इथे तीच वापरतो. आम्हाला एका प्रवास-व्यवस्थापकाने बाराटांग बेटावरच्या चुनखडीच्या गुहाही त्याच पाच दिवसांत बसवून देतो असे सांगितले होते. आम्ही नकार दिला आणि तो निर्णय योग्यच होता, असे मला आजही वाटते. त्या एका दिवसासाठी पहाटे अंधारात निघावे लागते आणि रस्ता जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो. तिथे वाहने ताफ्याने सोडतात, थांबण्यास व छायाचित्रे काढण्यास कायद्याने मनाई आहे, आणि ज्यांना आपली वर्दळ नको आहे त्यांच्या दारावरून सहलीसाठी जाणे मला पटत नाही.

दुसरी गोष्ट घड्याळाची. अंदमानात घड्याळ आपलेच असले तरी बेटे मुंबईच्या खूप पूर्वेला असल्यामुळे सूर्य तिथे लवकर उगवतो आणि लवकर मावळतो. फेब्रुवारीच्या मध्यास साडेपाच वाजण्याच्या आतच सूर्यास्त होतो आणि सहाच्या पुढे अंधार पडतो. नाश्ता करून दहाला बाहेर पडायची सवय असेल तर अर्धा दिवस हातचा गेला असे समजा. आम्ही दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेपाचला उठू लागलो आणि रात्री नऊला झोपू लागलो.

पहिला दिवस पोर्ट ब्लेअरमध्ये सेल्युलर जेलसाठी ठेवा. पुष्कळ जण तो परतीच्या दिवशी उरलेल्या वेळात उरकतात. मला ते बरोबर वाटत नाही, कारण मराठी माणसाच्या मनात अंदमान म्हणजे आधी काळे पाणी आहे आणि मग निळे. 1896 ते 1906 या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात शाखा मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघाल्या होत्या. त्यांपैकी आज तीन उभ्या आहेत. प्रत्येक शाखेच्या कोठड्यांची दारे पुढच्या शाखेच्या पाठीकडे येतील अशी रचना होती, म्हणजे समोरचा कैदीही दिसू नये. खिडकी म्हणून भिंतीच्या वरच्या टोकाला एक झरोका तेवढा होता. बाबाराव सावरकर आणि 1911 साली आणलेले विनायक दामोदर सावरकर हे दोघे भाऊ याच इमारतीत होते, आणि एकमेकांना दिसल्यावाचून त्यांचा बराच काळ गेला. खाली अंगणात कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, ठेवलेला आहे. दिवसाला 30 पौंड खोबरेल काढण्याची सक्ती म्हणजे काय, हे त्याचा दांडा पाहिल्यावर अंगावर येते. नंतर आम्ही गच्चीवर गेलो तेव्हा चहूकडे इतका सुंदर समुद्र पसरला होता की आम्ही कोणीच काही बोललो नाही. त्या पाण्याने वेढलेल्या माणसांना पाणी दिसत नव्हते, हे माझ्या मनातून अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉकला जा. खासगी बोट दीड ते दोन तासांत पोहोचते, सरकारी बोटीला जास्त वेळ लागतो पण तिच्या डेकवर उभे राहता येते. मूळ ओळखपत्र जवळ हवे आणि तिकिटे आधी काढलेली हवीत. रोख पैसेही पोर्ट ब्लेअरहूनच घेऊन निघा, बेटांवर एटीएम मोजकीच आहेत. हॅवलॉकला उतरल्यावर गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर अशी गावांची नावे ऐकून नवल वाटते. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथे जमिनी देऊन वसवले, त्यांच्या वस्त्यांची ही नावे. म्हणूनच बाजारातल्या साध्या खाणावळीत मोहरीतले मासे आणि भात इतका चांगला मिळतो. दुचाकी भाड्याने मिळतात आणि धक्क्यापासून राधानगरचा किनारा दहा-बारा किलोमीटरच आहे. हा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि पाठीशी समुद्र-मोहव्याची उंचच उंच झाडे आहेत. दुपारी तीनला पोहोचा, पोहा आणि सूर्यास्त पाहूनच निघा. उत्तरेकडच्या टोकाला खाजण आहे, तिकडे पाण्यात उतरू नका. 2010 साली त्या बाजूला मगरीच्या हल्ल्यात एका परदेशी तरुणीचा मृत्यू झाला होता. जीवरक्षक जिथपर्यंत परवानगी देतील तिथपर्यंतच जावे, त्यांच्याशी वाद घालू नये.

आता समुद्राच्या आतल्या भागाविषयी, कारण आपल्या मित्राचा प्रश्न तिथेच आहे. स्कूबाच्या, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाण्याच्या, पहिल्या ओळखीच्या बुडीसाठी पोहता येणे आवश्यक नसते. प्रत्येकाबरोबर एक प्रशिक्षक असतो, तो पूर्ण वेळ धरून ठेवतो आणि खोली कमाल 12 मीटरपर्यंतच असते. पण दमा, हृदयविकार किंवा कानाचा जुना त्रास असेल तर वैद्यकीय फॉर्ममध्ये तो खरा लिहा, आणि सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नका. दहा मीटर खाली गेल्यावर पृष्ठभागाच्या दुप्पट दाब असतो. त्यामुळे नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानांकडे ढकलावी लागते, आणि ती कान दुखू लागण्यापूर्वी, दर थोड्या अंतराने. आमचा न पोहणारा मित्र पहिल्या प्रयत्नात दोन मीटरवरूनच वर आला. प्रशिक्षकाने त्याला घाई केली नाही, उथळ पाण्यात पंधरा मिनिटे फक्त तोंडाने श्वास घ्यायला लावला आणि मग पुन्हा नेले. त्याचा मास्क मात्र सारखा पाणी धरत होता, कारण मिशीमुळे मास्कची कड ओठावर नीट बसत नाही. थोडे व्हॅसलीन लावल्यावर तेही थांबले. खाली गेल्यावर त्याची लाल दोरी तपकिरी दिसू लागली, कारण पाणी सर्वांत आधी लाल रंग शोषून घेते. त्यानंतर पोपटमाशांचा एक थवा प्रवाळ कुरतडत आमच्या बाजूने गेला आणि त्यांच्या दातांचा आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू आला. काही प्रवाळ पांढरे किंवा मृत दिसतील याची तयारी ठेवा. 2010 आणि 2016 साली समुद्र तापल्यामुळे इथल्या प्रवाळांची मोठी हानी झाली आहे. शेवटची बुडी आणि परतीचे विमान यांत किमान 18 तास ठेवा, शक्यतो पूर्ण दिवस, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणूनच मी स्कूबा तिसऱ्या दिवशी ठेवायला सांगतो.

चौथ्या दिवशी नील, आणि इथे भरती-ओहोटीला सर्वांत जास्त महत्त्व आहे. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, पण ते गणित आपल्या किनाऱ्याचे आहे, अंदमानला तसेच्या तसे लावू नका. तिथल्या वेळापत्रकात पाहा किंवा मुक्कामाच्या ठिकाणी विचारा. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे: भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी, म्हणजे दोन घटकांनी पुढे सरकते. लक्ष्मणपूरच्या बाजूचा नैसर्गिक खडकाचा पूल ओहोटीलाच नीट गाठता येतो, आणि उधाणाच्या दिवसांत पाणी इतके मागे हटते की खडकांमधल्या डबक्यांत समुद्री काकड्या, तारामासे आणि बोटाएवढे मासे उघड्यावर दिसतात. उलट नीलच्याच भारतपूर किनाऱ्यावर मास्क लावून प्रवाळ पाहायचे तर पाणी चढलेले हवे. आम्ही ते उतरत्या पाण्यात केले आणि माझा गुडघा प्रवाळावर घासला. जखम दिसायला किरकोळ होती, पण चिघळली आणि पुण्याला परतल्यावर भरायला तीन आठवडे लागले. माझ्या गुडघ्याखाली जे मोडले ते भरून यायला त्याहून कितीतरी वर्षे लागतील, याचे मला अधिक वाईट वाटते. उभे राहायचे तर वाळूवरच राहा.

पाचव्या दिवशी दुपारपर्यंत पोर्ट ब्लेअरला परता. जोरदार वाऱ्यामुळे बोट रद्द होऊ शकते, म्हणून ज्या दिवशी विमान त्याच दिवशी बेटावरून निघण्याचा बेत करू नका. वेळ उरला तर समोरच्या रॉस बेटावर तासभर जाऊन या, इंग्रजांच्या पडक्या इमारतींना झाडांच्या मुळांनी कसे कवटाळले आहे ते पाहता येईल.

सामानात शंख आणि प्रवाळाचे तुकडे आणू नका. अनेक जाती वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत आणि विमानतळावर सामान तपासतात. नीलच्या वाळूवर आमच्या मित्राने मुलीसाठी एक तपकिरी पट्ट्यांचा शंख उचलला होता. तळहातावर ठेवून तो आम्हाला दाखवत असतानाच आतून एक लहान खेकडा पाय बाहेर काढू लागला, तेव्हा त्याने तो घाईने जिथे होता तिथेच ओल्या वाळूवर ठेवला आणि खेकडा पाण्याकडे निघून जाईपर्यंत तिथेच उकिडवा बसून राहिला.