बाई मायाळू आहेत, पण मुलीला अवघड गणित देत नाहीत

मावशी, मी एका कार्यालयात साफसफाईचं काम करते. नवऱ्याचं काम कधी असतं, कधी नसतं. मुलगी सहावीत आहे. तिच्या वर्गशिक्षिका फार चांगल्या आहेत. जुनी पुस्तकं त्यांनीच मिळवून दिली, फी भरायला उशीर झाला तेव्हा त्याच आमच्या बाजूनं बोलल्या. पण गणिताच्या जादा तासांसाठी त्यांनी मुलं निवडली, त्यात हिचं नाव नाही. हिच्याइतकेच गुण असलेला एक मुलगा मात्र आहे. मी विचारलं, तर म्हणाल्या, ‘तुमच्या घरची परिस्थिती मला ठाऊक आहे. तिला कशाला ताण? पास होतेय ना, पुष्कळ झालं.’ मुलगी सांगते, हात वर केला की बाई ‘बस बाळा’ म्हणतात आणि दुसऱ्याला विचारतात. आता ती हात वर करतच नाही. नवरा म्हणतो, गप्प बस, आपण त्यांच्या उपकाराखाली आहोत, त्या दुखावल्या तर आहे तेही जाईल. मी कृतघ्न आहे का? बोलू की नको?

ताई,

तुम्ही कृतघ्न नाही, आणि बोलायला हवं.

पत्रभर तुम्ही बाईंची बाजू मांडलीत आणि स्वतःचं म्हणणं शेवटच्या दोन प्रश्नांत उरकलंत. बाईंनी पुस्तकं दिली, फीच्या वेळी शब्द टाकला, त्याबद्दल आभार मानायचे ते मानाच. पण त्या बदल्यात मुलीनं वर्गात कमी शिकावं, असा काही व्यवहार ठरलेला नव्हता. मदत घेतली म्हणून आईचा प्रश्न विचारायचा हक्क जात नाही.

गरिबाघरच्या मुलांशी दुजाभाव म्हटलं की आपल्याला आठवतात ते चारचौघांत फीवरून बोलणारे, मुलाला मागच्या बाकावर बसवणारे शिक्षक. तसे असतात. त्यांच्यावर निदान रागावता तरी येतं. तुमच्या मुलीच्या वाट्याला आलेला दुजाभाव ओळखायला अवघड आहे, कारण तो मायेनं येतो. ‘तिला ताण नको’ हे वाक्य ऐकताना कुणालाही कळवळाच वाटेल. पण त्यामागे एक गोष्ट ठरून गेलेली आहे: ही मुलगी पास झाली की पुरे. त्या दुसऱ्या मुलाच्या आईला ‘पास होतोय ना, पुष्कळ झालं’ असं बाई म्हणाल्या असत्या का? नसत्या म्हणाल्या. मला या सगळ्यात सर्वांत जास्त टोचतं ते हेच. बाईंच्या मनात तुमच्या मुलीचं वाईट व्हावं असं काही नाही, आणि तरीही तिचं नुकसान होतं आहे.

चांगल्या माणसाच्या हातून असं कसं होतं? १९८३ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जॉन डार्ली आणि पॅजेट ग्रॉस या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना चौथीतल्या एका मुलीची चित्रफीत दाखवली. काहींना ती सुस्थितीतल्या घरातली दिसली, काहींना गरीब वस्तीतली. ज्यांनी फक्त घर आणि वस्ती पाहिली, त्यांनी तिच्या हुशारीबद्दल केलेल्या अंदाजांत फारसा फरक नव्हता. मग आणखी काहींना त्याच मुलीची तोंडी परीक्षाही दाखवली. ती परीक्षा सगळ्यांना एकच दाखवली, काही उत्तरं बरोबर, काही चूक. आणि इथे मतं फुटली. सुस्थितीतली समजून पाहणाऱ्यांना ती तिच्या इयत्तेच्या पुढे वाटली, गरीब समजून पाहणाऱ्यांना मागे. म्हणजे निव्वळ घर बघून निकाल द्यायला माणसं कचरतात. पण हातात थोडासा पुरावा आला की घराबद्दलचं आधीचं मत त्या पुराव्यात मिसळतं, आणि आपण डोळ्यांनी पाहिलं तेच सांगतोय असं त्यांना प्रामाणिकपणे वाटतं.

तुमच्या बाईंचंही बहुधा तसंच होत असावं. त्या मुलाचं गणित चुकलं की त्यांना ‘घाई केली’ असं वाटत असेल, आणि तुमच्या मुलीचं चुकलं की ‘तिला झेपत नाहीये, घरी कोण बघणार?’ चूक दोघांची सारखीच असेल, तरी.

हे मनावर घ्यायला हवं, कारण गणितात आणि तेही सहावीत याचा परिणाम होतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या सहावीच्या गणिताच्या वर्गांचा ली जसिम, जॅकलिन एक्लेस आणि स्टेफनी मॅडन यांनी अभ्यास केला होता, तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. शिक्षकांच्या अपेक्षेचा परिणाम बहुतेक मुलांवर थोडाच दिसला. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांवर तो जास्त होता. मी तुम्हाला घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. याचा दुसरा अर्थ असा, की त्याच बाईंनी तुमच्या मुलीकडून जास्त मागितलं, तर तिला त्याचा फायदाही इतरांपेक्षा अधिक होऊ शकतो. म्हणून शाळा बदलण्याच्या किंवा भांडण काढण्याच्या आधी याच बाईंचं मन वळवून बघावं, असं मला वाटतं. त्यांच्याकडे माया आहे. तिला अपेक्षेची जोड मिळायला हवी.

आता भेटीचं. पालकसभेत किंवा शाळा सुटताना फाटकाशी हा विषय काढू नका. ‘मला मुलीच्या गणिताबद्दल पंधरा मिनिटं बोलायचं आहे, कधी येऊ?’ असं विचारून वेळ ठरवा. जाताना तिच्या या वर्षाच्या गणिताच्या सगळ्या उत्तरपत्रिका आणि वही घेऊन जा. आभार मानायचे ते सुरुवातीला, एकदाच. दर वाक्याला ‘तुमचे खूप उपकार आहेत’ म्हणत राहिलात, तर तुमचं मागणं त्याच्याखाली दबून जाईल.

मग असं काहीसं म्हणा: ‘बाई, तुम्ही तिची काळजी करता हे मला माहीत आहे. घरात तिला किती ताण झेपेल ते आम्ही बघू. शाळेत मात्र तिला अवघड गणितं मिळावीत असं मला वाटतं. जादा तासांसाठी मुलं कशावरून निवडली, ते मला समजावून सांगाल का? तिला एक महिना बसू द्या. नाही जमलं, तर मीच तिला थांबवीन.’ ‘तुम्ही भेदभाव करता’ हा शब्द पहिल्या भेटीत वापरू नका. तो खोटा आहे म्हणून नव्हे. तो ऐकल्यावर बाई मुलीचा विचार सोडून स्वतःच्या बचावाला लागतील, आणि तुम्हाला हवे आहेत जादा तास.

दुसरी मागणी हात वर करण्याची. तीही नेमकी करा: आठवड्यातून दोनदा तरी तिला प्रश्न विचारा आणि उत्तर यायला थोडा वेळ द्या. ही मागणी किरकोळ वाटेल, पण तिला आधार आहे. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासिकेनं १९७०च्या दशकात वर्गांमधली संभाषणं ध्वनिमुद्रित करून तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदभरच थांबत होते, आणि ज्यांना ते कच्ची समजत त्या मुलांसाठी त्याहून कमी. तो वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला तेव्हा उत्तरं लांबली, सुधारली, आणि ज्यांच्याकडून काही येणार नाही असं वाटत होतं ती मुलंही बोलू लागली. ‘बस बाळा’ कितीही प्रेमानं म्हटलं, तरी तेवढ्यात मुलीची पाळी निघून जाते.

निघण्यापूर्वी पुढच्या भेटीची तारीख ठरवा. ‘बघू’ हे उत्तर घेऊन घरी येऊ नका.

तुमच्या यजमानांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. ज्याच्या घरात पुढच्या महिन्याचं काही ठरलेलं नसतं, त्याला एका माणसाची मर्जी राखणं भागच पडतं. म्हणून आधी एवढं करा. फीची मुदत शाळेनं दिली आहे की बाईंनी तोंडी सांभाळून घेतलं आहे, हे शाळेच्या कार्यालयात जाऊन विचारा, आणि शक्य असेल तर तसा अर्ज देऊन लेखी घ्या. सवलत कागदावर आली की तिचा बाईंच्या रागा-लोभाशी संबंध उरणार नाही, आणि यजमानांनाही धीर येईल. जमल्यास भेटीला त्यांना बरोबर न्या. त्यांनी नुसतं शेजारी बसलं तरी चालेल.

मुलीपाशी काय बोलायचं? ‘बाई वाईट आहेत’ असं सांगू नका, तिला रोज त्यांच्याच समोर बसायचं आहे. पण ‘तसं काही नसतं, तुला उगाच वाटतं’ असंही म्हणू नका. तिनं बरोबर पाहिलंय. बाईंनी टाळलं आणि आईनंही ऐकून घेतलं नाही, तर तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास जाईल. ‘तू सांगितलंस ते मला पटलं, मी बाईंशी बोलणार आहे, तू हात वर करत राहा,’ एवढं पुरेल. रोज एक गणित तिला तुम्हाला समजावून सांगायला लावा. तुम्हाला ते येत नसलं तरी बिघडत नाही. ‘ही पायरी कशी आली?’ एवढं विचारता आलं की झालं. आणि एक कळकळीची विनंती: ‘शिकलीस तरच आपले दिवस पालटतील’ हे ओझं अकरा-बारा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर ठेवू नका. तिला गणित आवडतं म्हणून तिनं ते करावं.

हे वाचणाऱ्या शिक्षकांनाही थोडं सांगते. तुमच्यातले पुष्कळजण गरिबीतून वर आलेले आहात, तुमचा कळवळा खरा आहे हे मी जाणते. पेपर तपासताना नावाचा भाग दुमडून ठेवा. आठवड्याच्या शेवटी, आपण कुणाकुणाला प्रश्न विचारले ते हजेरीपट समोर ठेवून आठवा. जी नावं आठवणार नाहीत, ती कुणाची आहेत ते बघा.

ताई, बाईंनी ‘नाही’ म्हटलं, तर कारण लेखी मागा आणि मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या. त्यात मुलीचे गणितातले गुण, निवडीचा निकष काय ही विचारणा, आणि एक महिना संधी देण्याची विनंती एवढंच लिहा. बाईंबद्दल तक्रारीचा शब्द नको, त्या दुसऱ्या मुलाचं नावही नको, त्याला काढून हिला घ्या असं तुमचं म्हणणं नाहीच. अर्जाच्या दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

तुमची,
मावशी