कोंदण म्हणजे खडा की खड्याची जागा?

प्रश्न : आमच्या संगीत मंडळाच्या स्मरणिकेत एका गायिकेविषयी लिहिलंय, ‘तिच्या आवाजाला रियाजाचे हिरेजडित कोंदण लाभले आहे.’ कोंदण म्हणजे नेमकं काय? कुंदन तेच का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : कोंदण म्हणजे खडा बसतो ती जागा.

माझे मामा सोनार. सुट्टीत मी त्यांच्या बागेसरीजवळ, म्हणजे सोनाराच्या शेगडीजवळ, बसून असायचो. अंगठीचं कोंदण तयार झालं की मामा त्यात खडा ठेवत आणि भोवतीचा पातळ काठ श्वास रोखून, जरा जरा दाबत खड्यावर आणत. ‘जास्त दाबलं तर खडा तडकतो, कमी दाबलं तर गिऱ्हाईक आठवड्यात परत येतं,’ म्हणायचे. आपल्या नथीतही बघा, मोती तारेत ओवलेले असतात, माणिक मात्र कोंदणात.

कुंदन म्हणजे शुद्ध सोनं. जयपूर, बिकानेरकडच्या जडावकामात अशा मऊ सोन्याच्या पातळ पट्ट्या खड्याभोवती ठासून बसवतात, म्हणून त्या कामालाच कुंदन म्हणतात. मराठी कोंदण चांदीचंही असू शकतं.

साहित्यात शब्द शोभतो तो हे चित्र डोळ्यांपुढे असेल तर. ‘निसर्गाच्या कोंदणात वसलेले टुमदार गाव’ वाचून मला जांभई येते. पण लोणारच्या सरोवराला कोंदण म्हणा, मी मान डोलावीन. उल्केच्या आघाताने पडलेला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खळगा, भोवती उचललेला काठ आणि तळाशी हिरवं पाणी!

पंचतंत्रात एक श्लोक आहे. सोन्यात शोभणारं रत्न कुणी कथलात बसवलं, तर रत्न काही रडत नाही. नावं ठेवली जातात ती बसवणाऱ्याला. स्मरणिकेच्या लेखकाचं तेच झालंय. बारीक हिऱ्यांनी मढवलेली कोंदणं हल्ली सराफाकडे मिळतात, नाही असं नाही. पण मग बघणाऱ्याने मधला खडा बघायचा की काठ?

आणि मुळात रियाज हे कोंदण नव्हेच. रियाजाने आवाजाला पैलू पडतात. कोंदण म्हणायचंच असेल, तर तिच्या मागे लावलेल्या तंबोऱ्यांच्या जोडीला म्हणा.