टीएलडीचा रिपोर्ट भिंतीला लावू नकोस

अगं,
तुला आरएसओ, म्हणजे हॉस्पिटलची रेडिएशन सेफ्टी ऑफिसर केलं ऐकून खरंच बरं वाटलं. फोनवर एक गोष्ट सांगायची राहिली म्हणून लिहितोय.

दर तीन महिन्यांनी टीएलडीचा, म्हणजे अंगावरच्या बॅजने मोजलेल्या रेडिएशन डोसचा रिपोर्ट येईल, सगळ्यांची नावं एकाच यादीत. मी सुरुवातीला ज्या हॉस्पिटलला होतो तिथे तो कागद चेंजिंग रूमच्या दाराला सेलोटेपने लावायचे. एकदा कॅथलॅबमधल्या, म्हणजे एक्स-रेखाली अँजिओग्राफी करतात तिथल्या, एका मुलाचं रीडिंग जास्त आलं आणि दुपारपर्यंत कॅन्टीनवाल्यालासुद्धा माहीत, त्याचं लग्न ठरत होतं तर कोणीतरी विचारलं, आता पोरं होतील का रे तुला? पुढच्या महिन्यापासून तो बॅज ड्रॉवरमध्ये टाकून केसला उभा राहायला लागला. रीडिंग एकदम कमी, सगळे खूश. आणि मूळ कारण काय होतं, तर बॅजसकट शिशाचा ॲप्रन कॅथलॅबमध्येच टांगून ठेवायचा, डोस बॅजला बसत होता, त्याला नाही! कोणी बाजूला घेऊन शांतपणे विचारलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

म्हणून ज्याचं त्याला एकेकट्याला दाखव, सही घे, फाईल कुलुपात ठेव. व्हॉट्सॲप ग्रुपवर यादीचा फोटो तर चुकूनही नको.

पण लपवायचं म्हणून त्याच्यापासूनच लपवू नकोस हं. रेडिएशन सुरक्षेच्या 2004 च्या नियमांत स्पष्ट आहे, डोस रेकॉर्ड कामगाराला दरवर्षी, तो मागेल तेव्हा आणि नोकरी सोडताना द्यायचंच. बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्र) रजिस्ट्रीत आयुष्यभराचा डोस जमा होत असतो, नवीन हॉस्पिटलला तो लागतोच, कारण वर्षाला 20 मिलीसिव्हर्टची (डोस मोजायचं एकक) मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीवर आहे आणि एका वर्षात 30 च्या वर जाऊन चालत नाही, मागचा हिशोब नसेल तर पुढचा कसा धरणार? तो रीतसर पत्राने जाऊ दे, ओळखीच्या एचआरला फोनवर सांगायचा नाही.

आणि एखादी मुलगी दिवस राहिल्याचं तुला सांगायला येईल. पोटातल्या बाळाला पुढचे सगळे महिने मिळून 1 मिलीसिव्हर्टच्या वर जाता कामा नये, म्हणजे ड्युटी लगेच बदलावी लागेल. रोस्टरवर फक्त नवी ड्युटी लिही. कारण लिहू नकोस, घरच्यांना कधी सांगायचं ते तिचं ती ठरवेल, आमच्याकडे एकीच्या सासूला ते रोस्टरवरून कळलं होतं.