षट्कोनी मांडणीत ऊर्जा वाचत असताना कॉन्स्टेलेशन चौकोनीच का असते?

आपला प्रश्न असा आहे की १६-क्यूएएमचे, म्हणजे लहरीची सोळा वेगवेगळी रूपे वापरून बिट पाठवण्याच्या पद्धतीचे, बिंदू (त्यांची मांडणी म्हणजेच कॉन्स्टेलेशन) चौकोनी जाळीऐवजी षट्कोनी जाळीत मांडले तर बिंदूंमधले अंतर तेवढेच राहून ऊर्जा कमी लागते, मग बहुतेक यंत्रणा चौकोनी जाळीच का वापरतात, आणि रचना बदलून कार्यक्षमता वाढवायला खरोखर वाव आहे का. वाव निश्चित आहे. मात्र आपण जिथे तो शोधत आहात तिथे तो फार थोडा आहे, असे माझे मत आहे.

आधी हिशेब पाहू. प्रत्येक सिम्बॉल, म्हणजे एका वेळी पाठवलेले लहरीचे रूप, हा प्रतलावरचा एक बिंदू असतो. केंद्रापासूनचे त्याचे अंतर म्हणजे लहरीचा आयाम आणि त्याचा कोन म्हणजे फेज. नॉइज, म्हणजे वाटेत मिसळणारा गोंगाट, त्या बिंदूला जागेवरून हलवतो आणि रिसीव्हर मिळालेल्या जागेच्या सर्वांत जवळचा बिंदू निवडतो, म्हणून किमान अंतर ठरावीक ठेवल्यास सरासरी ऊर्जा किती लागते, ही तुलनेची पहिली कसोटी ठरते. हे अंतर २ एकके धरले, तर सोळा बिंदू एकाच वर्तुळावर बसवताना सुमारे २६.३ एकके ऊर्जा लागते आणि चौकोनी जाळीत केवळ १०. म्हणजे नुसत्या मांडणीने ४.२ डेसिबलची (सुमारे २.६ पट) बचत होते. आठ बिंदूंचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते: वर्तुळावर ६.८३, चार गुणिले दोनच्या आयतात ६, आणि आतल्या चौरसाभोवती ४५ अंशांनी फिरवलेला दुसरा चौरस ठेवला तर ४.७३.

याच कसोटीवर षट्कोनी जाळी सर्वांत सरस ठरते, यात शंका नाही. परंतु बिंदू पुष्कळ असले तरी चौकोनी जाळीच्या तुलनेत तिची दाटीची कमाई जेमतेम ०.६ डेसिबल आहे, आणि त्या बदल्यात आतल्या प्रत्येक बिंदूला चारऐवजी सहा शेजारी मिळतात, म्हणजे चुकण्याच्या वाटा वाढतात. खरी अडचण त्याहून खोल, बिंदूंना दिलेल्या बिटांच्या नावांत आहे. बेल लॅबोरेटरीजमधील फ्रँक ग्रे यांना १९५३ साली ज्या संकेताचे पेटंट मिळाले, त्यात लगतच्या दोन नावांत एकाच बिटचा फरक असतो, त्यामुळे रिसीव्हरने शेजारचा बिंदू निवडण्याची चूक केली तरी बहुधा एकच बिट बिघडतो. चौकोनी जाळीवर हे नामकरण बिनचूक बसते. षट्कोनी जाळीत मात्र तीन बिंदू परस्परांचे शेजारी असतात. पहिल्या व दुसऱ्यात एका बिटचा फरक ठेवला, दुसऱ्या व तिसऱ्यातही एकाचाच ठेवला, की पहिला आणि तिसरा एकतर सारखेच होतात किंवा त्यांच्यात दोन बिटांचा फरक पडतो. कितीही खटपट केली तरी हा त्रिकोण सुटत नाही. शिवाय चौकोनी जाळीत आडव्या आणि उभ्या अक्षावरचे निर्णय एकमेकांपासून वेगळे घेता येतात, ही सोय रिसीव्हर बनवणाऱ्याला फार मोलाची असते.

किमान अंतर हीच एकमेव कसोटी मानली तर काय हातचे जाते, हे गॉटफ्रीड उंगरबोक यांच्या १९८२ च्या ट्रेलिस कोडेड मॉड्युलेशनवरील (चूक सुधारणारा कोड आणि बिंदूंची मांडणी एकत्र आखण्यावरील) लेखाने फार स्पष्ट केले. त्यांनी चार बिंदूंऐवजी आठ घेतले, म्हणजे सुट्या बिंदूंमधले अंतर उलट कमी केले. पण त्या बिंदूंचे टप्प्याटप्प्याने उपसंच पाडून कोणता बिंदू कोणत्या बिंदूनंतर येऊ शकतो, हे कोडच्या हाती दिले. परिणामी बिंदूंच्या संपूर्ण मालिकांमधले अंतर वाढले आणि केवळ चार अवस्थांच्या, म्हणजे मागचे फार थोडे लक्षात ठेवणाऱ्या साध्या, कोडनेही बँडविड्थ न वाढवता सुमारे ३ डेसिबलचा लाभ शक्य झाला. टेलिफोनवरच्या व्ही.३२ मोडेममध्ये ९६०० बिट प्रतिसेकंद या वेगासाठी सोळाऐवजी बत्तीस बिंदू आले ते याच कारणाने.

अलीकडची मोठी कमाई आहे ती सर्व बिंदू सारख्या वेळा न वापरण्यात. कोपऱ्यातले बिंदू महाग असतात. ते क्वचित वापरले आणि केंद्राजवळचे वारंवार वापरले, तर तीच सरासरी ऊर्जा ठेवून जाळी रुंदावता येते. या उपायाची वरची मर्यादा १.५३ डेसिबल आहे, आणि ती मोठ्या कॉन्स्टेलेशनांनाच गाठीशी येते. चार बिंदूंच्या संचात सर्वांची ऊर्जा सारखीच असल्याने तिथे मिळण्यासारखे काही नसते. बोखेरर, स्टायनर आणि शुल्टे यांनी २०१५ साली मांडलेल्या पद्धतीची युक्ती मला विशेष आवडते: आयाम हव्या त्या वारंवारितेने निवडायचे, आणि चूक सुधारण्यासाठी कोड जे जादा बिट तयार करतो ते धन-ऋण चिन्हांवर टाकायचे, कारण चिन्ह बदलल्याने ऊर्जा बदलत नाही. लक्षात घ्यावे, इथे जाळी चौकोनीच राहते आणि ग्रे संकेतही शाबूत राहतो.

उपग्रहाचा विषय थोडा वेगळा. तिथला अ‍ॅम्प्लिफायर कमाल शक्तीजवळ चालवावा लागतो आणि तो मोठे आयाम वेडेवाकडे करतो, म्हणून डीव्हीबी-एस२ या उपग्रह प्रक्षेपणाच्या मानकात सोळा बिंदू चार आणि बारा अशा दोन वर्तुळांवर मांडले जातात.

तेव्हा आपल्या सिम्युलेशनमध्ये किमान अंतराऐवजी, ज्या नॉइजमध्ये यंत्रणा प्रत्यक्ष चालणार आहे तिथे डीकोडरला प्रत्येक बिटबद्दल किती माहिती मिळते, हे मोजावे. षट्कोनी जाळीचाच आग्रह असेल, तर बिटांऐवजी संपूर्ण सिम्बॉलवर काम करणारा नॉन-बायनरी कोड तिच्यासोबत वापरून पाहावा. तिथे बिंदूंना बिटांची नावे कशी दिली याला महत्त्व उरत नाही आणि वरच्या त्रिकोणाची अडचण आपोआप दूर होते, अर्थात डीकोडरची गुंतागुंत वाढवून.