जो स्वतः वर गेला नाही, तो शिकवणार काय?

"मॅडम, मी संतोष ट्रॉफीच्या कँपपर्यंतसुद्धा कधी पोचलो नाही. माझ्याकडून पोरं काय शिकणार?"

मी समुपदेशक आहे आणि हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या वेशात येतो. रणजीच्या उंबऱ्यावरून परत फिरलेला क्रिकेटपटू विचारतो, जिल्ह्याबाहेर न गेलेला कबड्डीपटू विचारतो, एकदा एका तबलजींनीही विचारला होता. या वेळी विचारणारा फुटबॉलपटू होता; संतोष ट्रॉफी म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा. (त्याच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय एकतीस, उत्तर गोव्यातला, अठराव्या वर्षापासून राज्य पातळीवरच्या लीगमध्ये मधल्या फळीत खेळणारा. "खेळणारा म्हणजे जास्त करून बाकावर बसणारा," हे त्याचंच वाक्य. गुडघ्याचं लिगामेंट दुसऱ्यांदा गेलं आणि डॉक्टरांनी स्पर्धेत उतरायला मनाई केली. क्लबने विचारलं, पंधरा वर्षांखालची मुलं सांभाळशील का, जमलं तर सीनियर टीमच्या कोचलाही हाताशी हवास. त्याच्या तोंडून हो निघेना आणि नाहीही निघेना. झोप उडालेली. टीव्हीवर मॅच लागली की उठून आत जायचा, आणि संध्याकाळी ग्राउंडवरून जाणारा रस्ता टाळून लांबून घरी यायचा.

मला त्याच्या प्रश्नापेक्षा तो टाळलेला रस्ता जास्त बोलका वाटला. "पोरं ऐकतील का" ही पुढची काळजी झाली. त्याआधी काहीतरी संपलं होतं आणि त्याचं दुःख कुणी केलंच नव्हतं, घरच्यांनी नाही, त्यानेही नाही. दुखापतीने संपलेली कारकीर्द आणि आपण होऊन थांबवलेली कारकीर्द यांत हा मोठा फरक असतो: पहिलीत निरोप घ्यायला वेळच मिळत नाही. त्यामुळे सुरुवातीच्या भेटींत कोचिंगचा विषय मी काढलाच नाही. तो खेळला त्या मॅचेसबद्दलच बोललो.

मग एकदा स्पेनचा विषय त्यानेच काढला. गोव्यात ते साहजिक आहे. एफसी गोवाच्या बाकावर सेर्जिओ लोबेरा, हुआन फेरांदो, मानोलो मार्केझ असे स्पॅनिश कोच येऊन गेलेले आपण पाहिले आहेत. मार्केझ तर त्याआधी हैदराबादचे कोच होते आणि २०२२ मध्ये आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) करंडक त्यांनी आपल्या मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवरच उचलला. "पण ते स्पेनचे, मॅडम. तिथे सगळे मोठेच."

हा समज खोडायला हवा होता. मार्केझ २०१७ मध्ये लास पाल्मास या क्लबमुळे स्पेनच्या पहिल्या विभागात आले, तेही जेमतेम दोन महिने टिकले. त्याआधीची वर्षं त्यांनी बार्सिलोनाच्या आसपासच्या खालच्या विभागांतल्या क्लबांमध्ये काढली होती. स्पेनमध्ये व्यावसायिक विभाग फक्त वरचे दोन. त्याखाली आज प्रिमेरा फेदेरासिओनचे दोन गट, त्याखाली सेगुंदा फेदेरासिओनचे पाच, मग तेर्सेराचे अठरा. २०२१ च्या आधी तिसऱ्या पायरीला सेगुंदा बी म्हणत, बहुतेक वर्षं चार गट मिळून ऐंशी संघ. आपल्याला टीव्हीवर दिसतात ते वरचे वीस क्लब. बाकीच्यांत बस प्रवास, छोटी गावं आणि वर्षावर्षाचे करार.

स्पॅनिश कोच उनाय एमेरीचं नाव त्याला माहीत होतं. सेव्हिलाबरोबर २०१४, २०१५, २०१६ अशा सलग तीन युरोपा लीग (युरोपातल्या क्लबांची दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा), चौथी २०२१ मध्ये व्हियारेआलबरोबर, आणि आता इंग्लंडचा ॲस्टन व्हिला. पण एमेरी खेळाडू म्हणून कोण होता, हे त्याला ठाऊक नव्हतं. फुटबॉल बघणाऱ्या फार जणांना नसतं.

बास्क प्रांतातल्या होंदार्रिबियाचा मुलगा. आजोबा आणि वडील दोघेही गोलकीपर. आजोबा इरुनच्या रिअल युनियन क्लबचे, आणि १९२९ मध्ये स्पॅनिश लीग सुरू झाली तेव्हा तिच्या इतिहासातला पहिला गोल याच आजोबांनी खाल्ला. (हे ऐकून माझा फुटबॉलपटू पहिल्यांदा मोकळेपणी हसला.) उनाय स्वतः रिअल सोसिएदादच्या तालमीत वाढला, पण पहिल्या संघातून लीगचे पाचच सामने खेळला. पुढे तोलेदो, रेसिंग फेरोल, लेगानेस: दुसऱ्या विभागात दोनशेहून जास्त सामने. डावखुरा, मधल्या फळीतला, कुणाच्या लक्षात न राहिलेला. शेवटचा मुक्काम लोर्का देपोर्तिवा, मुर्सिया प्रांतातल्या लोर्का गावचा क्लब, तेव्हा सेगुंदा बीमध्ये. २००४-०५ च्या हंगामात गुडघा दुखावला, हंगामाच्या मधेच कोचला काढलं गेलं, आणि क्लबने एमेरीलाच संघ घ्यायला सांगितलं. वय ३३. त्याच हंगामात लोर्का इतिहासात पहिल्यांदाच दुसऱ्या विभागात गेला. पुढच्या वर्षी तिथे पाचवा आला, पहिल्या विभागापासून पाच गुण दूर. मग अल्मेरिया: २००७ मध्ये पहिल्या विभागात, आणि त्यापुढच्या हंगामात थेट आठवा.

प्रेरणा द्यावी म्हणून मी हे सांगितलं नाही. तसं सांगितलं तर माणूस दोन दिवस उड्या मारतो आणि तिसऱ्या दिवशी आणखी खचतो, कारण आपण एमेरी नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्या वर्षी सेगुंदा बीचे ऐंशी संघ होते. संघामागे वीस खेळाडू धरले तरी सोळाशे होतात. बाकीच्यांचं काय झालं? त्यांच्यावर कुणी लिहीत नाही. हा हिशेब मी त्याच्यासमोर कागदावर मांडला आणि त्याला खरं तर त्यानेच बरं वाटलं. कुणीतरी खोटं बोलत नाहीये, हे कळल्याचं ते बरं वाटणं होतं.

मला त्या गोष्टीतली दुसरीच जागा दाखवायची होती. अव्वल खेळाडूला चेंडू कसा थांबवायचा हे शब्दांत मांडावंच लागत नाही, त्याचा पाय ते करून मोकळा होतो. ज्याचा पाय तेवढा हुशार नाही, त्याला आधी जागा वाचावी लागते, समोरच्याची सवय पाठ करावी लागते, नाहीतर तो टिकतच नाही. एमेरीच्या तयारीची कीर्ती अशीच. व्हॅलेन्सियात त्याच्या हाताखाली खेळलेल्या होआकिनने पुढे चेष्टा केली होती, की या माणसाने इतके व्हिडिओ दाखवले की माझे पॉपकॉर्न संपले. सगळ्याच खेळाडूंना हे आवडतं असं नाही, आणि मोठ्या क्लबात प्रत्येक वेळी जमतंच असंही नाही. आर्सेनलने त्याला दीड वर्षातच काढलं. पण ही सवय स्टार होऊन लागत नाही.

मग मी त्याला एक काम दिलं. बाकावरून पाहिलेल्या मॅचेसपैकी कुठलीही एक आठव आणि समोरच्या संघाबद्दल जे आठवेल ते लिही. पुढच्या भेटीला वही भरून आणली. कुठला बॅक दमला की आत सरकतो, कुठला कीपर डाव्या हाताला उशिरा पडतो, पंचाहत्तराव्या मिनिटानंतर आपली मधली फळी कुठे फाटते. बाणांसकट आकृत्या. मी फुटबॉलची तज्ज्ञ नाही, पण हे लिहिणारा माणूस "मला काही येत नाही" म्हणत होता, हे मला वाचता येत होतं. ते पान त्याच्यासमोर ठेवलं आणि विचारलं, हे पंधरा वर्षांच्या मुलाला उपयोगाचं आहे का? बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "मला त्या वयात कुणी सांगितलं असतं तर..." आणि रडला. राहिलेलं दुःख तेव्हा बाहेर आलं. त्यानंतर तो ग्राउंडच्या रस्त्याने जाऊ लागला.

एका भेटीला वडील आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: "गुडघा गेला, आता तरी बँकेच्या परीक्षेला बसूं दे. कोचिंगवर घर चालतं काय?" मुलगा चिडला. मी वडिलांच्या बाजूने बोलले, कारण पैशाच्या बाबतीत ते बरोबरच होते. इथे मी दुसरं नाव घेतलं, होसे बोर्दालास. आलिकान्तेचा, खालच्या विभागांतला आघाडीवीर. दुखापतीमुळे अठ्ठाविसाव्या वर्षी थांबला आणि १९९३ पासून कोचिंगमध्ये. २०१६ मध्ये अलावेसला पहिल्या विभागात नेलं आणि क्लबने लगेच नारळ दिला. पुढच्याच हंगामात दुसऱ्या विभागाच्या तळाशी असलेला गेटाफे घेतला, तोही वर नेला, आणि २०१९ मध्ये लीगमध्ये पाचवा आणला. पहिल्या विभागात कोच म्हणून उभा राहिला तेव्हा त्याचं वय ५३ होतं. म्हणजे दोन तपं खालच्या मैदानांवर, आणि यश मिळाल्यावरही नोकरीची शाश्वती नाही. हे ऐकून वडील म्हणाले, "म्हंजे मी सांगतो तेंच." हो, तेच. फक्त त्यामुळे कोचिंग सोडावं लागत नाही, पोटाची सोय वेगळी करावी लागते. बँकेची परीक्षा त्याने दिली. एका शाळेत अर्धवेळ खेळशिक्षकाचं कामही मिळालं.

परवान्याचं मात्र मी लावून धरलं. आपल्याकडे एआयएफएफचा (भारतीय फुटबॉल महासंघाचा) डी हा कोचचा सुरुवातीचा परवाना, मग सी, बी, ए आणि प्रो. आयएसएलच्या मुख्य कोचला प्रो लागतोच. "अनुभव आहे, कागद कशाला" असं म्हणणारे बरेच माजी खेळाडू भेटतात. ज्याला आपल्या शब्दाला वजन नाही असं वाटतं, त्याने तर कागद आधी घ्यावा. डीच्या कोर्समध्ये त्याच्याहून मोठ्या पातळीवर खेळलेले दोघे होते. प्रात्यक्षिकात सत्र कसं मांडायचं यावर ते अडखळले आणि याला ते सहज जमलं. हे सांगायला तो मुद्दाम फोन करून बोलला.

सोपं काहीच झालं नाही. अंडर-फिफ्टीनमधल्या एका मुलाच्या वडिलांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तू स्वतः खंय खेळला?" आम्ही या प्रश्नाची तालीम आधीच केली होती. उत्तर छोटं ठेवायचं ठरलं होतं: "लीगमध्ये, दादा. तुमच्या मुलाचा डावा पाय बघा, तिथे काम आहे." त्याने ते म्हटलं. ते गृहस्थ अजूनही बांधावर उभे राहून सूचना करतात, पण मुलगा रोज येतो. एक जुना जोडीदार, "आता सर झाला" म्हणून टोमणे मारणारा, अजून बोलत नाही.

सीनियर टीमचं काम त्याने या हंगामापुरतं नाकारलं. एमेरीसारखं रातोरात बाकाच्या त्या टोकाला जाऊन बसायचं धाडस होत नाहीये का, असं मी विचारलं. म्हणाला, "धाडसाचं नाही, मॅडम. त्या टीममधले सात जण माझ्याबरोबर खेळलेत. दोन वर्षांनी त्यातले दोघेच उरतील, तेव्हा बघू." हा हिशेब मला पटला.