'ओम्बुड्समन' हा शब्द कुठला?

बँकेतल्या पाटीवर दिसणारा 'ओम्बुड्समन' (तक्रारी पाहणारा अधिकारी) हा शब्द जर्मन आहे का आणि त्यातला 'मन' म्हणजे पुरुषच का, असा प्रश्न आला आहे.

शब्द स्वीडिश आहे. स्वीडनच्या 1809च्या राज्यघटनेने सरकारी अधिकारी आणि न्यायाधीश कायद्याने वागतात की नाही हे पाहणारा संसदेचा अधिकारी निर्माण केला. 1810 साली लार्स ऑगस्टिन मानरहाइम हे पहिले ओम्बुड्समन झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर हे पद देशोदेशी गेले आणि नावही सोबत गेले. शब्द मात्र या पदाहून फार जुना. प्राचीन नॉर्समध्ये, म्हणजे स्वीडिशच्या पूर्वज भाषेत, 'उम्बोध्समाध्र' म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा, आपल्याकडचा मुखत्यार. आजही स्वीडिशमध्ये नुसता 'ओम्बुद' म्हणजे प्रतिनिधी.

फोड अशी: ओम + बुद + मन. खरी गंमत 'बुद'मध्ये आहे. स्वीडिशमध्ये त्याचा अर्थ निरोप, आज्ञा. बायबलातल्या दहा आज्ञा म्हणजे दहा 'बुद'च. जर्मन 'बीटन' (देऊ करणे) आणि 'फरबीटन' (मनाई करणे), इंग्रजी 'फर्बिड' ही याचीच भावंडे. आणि संस्कृत 'बुध्' हाही त्याच कुळातला! या सगळ्या भाषांची पूर्वज असलेल्या इंडो-युरोपीय भाषेतल्या मूळ धातूत 'भ' आणि 'ध' दोन्ही होते. अर्थ जागे असणे, लक्ष असणे. जर्मानिक भाषांत (स्वीडिश, जर्मन, इंग्रजी यांच्या कुळात) दोघांचाही महाप्राण, म्हणजे त्यांतला 'ह'कार, गेला. संस्कृतला लागोपाठ दोन महाप्राण नकोसे, म्हणून तिथे फक्त पहिला गेला. तो 'भ' अजून पाहायचा असेल तर 'बुध्यते' (जागा होतो, जाणतो) याचे भविष्यकाळी रूप पाहावे: भोत्स्यते. अर्थाची वाट मात्र दुभंगली. आपल्याकडे जागे होण्यातून बोध, बुद्धी, प्रबोधन आले. तिकडे जागे करण्यातून कळवणे, मग फर्मावणे आले.

'ओम' म्हणजे भोवती, संस्कृत 'अभितः'चा नातलग. याचा ॐकाराशी काही संबंध नाही. शब्द संस्कृतातून तिकडे गेला असेही नाही. दोघांचा पूर्वज एक, एवढेच.

राहिला 'मन'. तो 'मनु'च्या नात्यातला, आणि जुन्या जर्मानिक भाषांत त्याचा अर्थ मुळात माणूस, मग स्त्री असो वा पुरुष. स्वीडनमध्ये या पदावर स्त्रिया आल्या, तरी पदनाम 'ओम्बुड्समन'च राहिले.